काच इथे, नजर तिथे : दूरस्थ ऊतीनिदानाचा आढावा

तोंडातली जखम महिना झाला तरी भरत नाही, स्तनात गाठ हाताला लागते, नाहीतर गर्भपिशवी काढावी लागते. अशा वेळी डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "तुकडा तपासायला पाठवू." हा तुकडा पुढे जातो कुठे, हे घरच्यांना सहसा ठाऊक नसतं. बारामती तालुक्यातलं पणदरे घ्या. नीरेच्या रस्त्यावरचं, डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं, माळेगाव कारखान्याच्या ऊसपट्ट्यातलं गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्रांतले रक्ताचे नमुने 'महालॅब' योजनेत उचलले जातात आणि रिपोर्ट परत येतो. मांसाच्या तुकड्याची वाट वेगळी. शस्त्रक्रिया जिथे होईल तिथून, म्हणजे बहुधा बारामतीहून, तो स्थानिक पॅथॉलॉजिस्टकडे किंवा शंभरेक किलोमीटरवर पुण्याला जातो. रिपोर्टात 'कॅन्सर' हा शब्द आला किंवा शंका उरली, की घरातला एखादा पुतण्या काचा आणि मेणाचे ब्लॉक पिशवीत घालून मुंबईत परळला 'टाटा' स्मारक रुग्णालयाची वाट धरतो.

काच हलवण्याऐवजी काचेचं चित्रच पाठवलं तर? पुण्यामुंबईच्या तज्ज्ञाने ते पडद्यावर बघून निदान द्यावं, पेशंटने आणि पुतण्याने गावातच थांबावं. याला टेलिपॅथॉलॉजी म्हणतात. कल्पना नवी नाही, प्रयोगही पुष्कळ झाले आहेत आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला आहे. वाद मात्र संपलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. ती कशी बदलली, हे या लेखात क्रमाने पाहू.

तुकड्याची काच होते कशी

पुढचं समजायला आधी एवढं माहीत हवं. शरीरातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये टाकावा लागतो. फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, नाहीतर आतला भाग कुजतो. प्रयोगशाळेत आल्यावर पॅथॉलॉजिस्ट तो हातात घेऊन बघतो, मोजतो, कापतो आणि कुठला भाग तपासायचा ते ठरवतो. याला ग्रॉसिंग म्हणतात. निवडलेले भाग पाणी काढून मेणात बसवले की ब्लॉक तयार होतो. तंत्रज्ञ मायक्रोटोमवर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतो, काचेवर चढवतो आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतो. मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली जाते.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनची चित्रं आता यंत्रातच अंकीय रूपात जन्माला येतात. म्हणून बारामतीत काढलेला सीटी पुण्यात वाचणं इतकं सहज रुळलं, की त्यावर कोणी चर्चाही करत नाही. ऊतीचं तसं नाही. चित्राच्या आधी काच हवी आणि काचेच्या आधी फॉर्मलिन, सुरी, मेण आणि तंत्रज्ञाचा हात हवा. टेलिपॅथॉलॉजी टेलिरेडिऑलॉजीच्या इतकी मागे का राहिली, याचं निम्मं उत्तर या एका फरकात आहे.

बोस्टन, नॉर्वे आणि सॉलोमन बेटं

१९६८ साली अमेरिकेत बोस्टनच्या लोगन विमानतळावरच्या दवाखान्यातून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला सूक्ष्मदर्शकाखालची कृष्णधवल चित्रं दूरचित्रवाणीच्या तंत्राने पाठवण्यात आली. ती बहुतांशी रक्ताच्या काचांची होती. टेलिपॅथॉलॉजी हा शब्द रूढ केला रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी, १९८६ मध्ये. त्याच वर्षी टेक्सासमधल्या एल पासोहून वॉशिंग्टनपर्यंत उपग्रहाच्या आधारे प्रात्यक्षिक झालं. वॉशिंग्टनला बसलेल्या डॉक्टरने एल पासोतला सूक्ष्मदर्शक दुरून हलवून काच पाहिली.

ही सेवा रोजच्या कामात उतरली ती नॉर्वेत. उत्तर टोकावरच्या किर्केनेस गावातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया व्हायच्या, पण पॅथॉलॉजिस्ट नव्हता. तो होता चारशे किलोमीटरवरच्या ट्रॉम्सो शहरात. पेशंट भुलीखाली असताना काढलेला तुकडा गोठवून लगेच तपासायचा आणि 'आणखी कापायचं की थांबायचं' हे सर्जनला मिनिटांत सांगायचं, याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. दर शस्त्रक्रियेला ट्रॉम्सोहून माणूस नेणं शक्य नव्हतं, म्हणून १९८९-९० च्या सुमारास त्यांनी चित्र न्यायला सुरुवात केली. गरज इतकी उघड होती, की किंमत आणि कटकट कोणी मोजली नाही.

दुसरं टोक प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांचं. होनिआरा इथल्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्टच नव्हता. २००१ पासून तिथे काचा तयार व्हायच्या, कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले जायचे आणि स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठाने उभारलेल्या 'आयपाथ' या व्यवस्थेतून जगभरातले तज्ज्ञ मत द्यायचे. ईमेलचं इंटरनेट आणि साधा कॅमेरा एवढ्यावर हे चाललं. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. होनिआराला पॅथॉलॉजिस्ट नसला तरी काच बनवणारे हात होते. ते नसते तर बाझेलला पाठवायला काहीच नव्हतं.

बार्शीचा धडा

इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी आणि पुढे बार्शी. आपल्या भागातले कितीतरी पेशंट हा रस्ता ओळखतात. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल १९८० च्या दशकात डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, तेव्हा तालुक्याच्या गावात कॅन्सरचं रुग्णालय ही कल्पनाच अनेकांना वेडगळ वाटली असेल. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीतच १९८७ मध्ये सुरू झाली. टाटा स्मारकाशी बार्शीचं नातं जुनं आणि कामाचं. त्यामुळे मुंबई आणि ग्रामीण महाराष्ट्र यांच्यातल्या टेलिपॅथॉलॉजीचा पहिला ठोस अनुभव याच दोन संस्थांतून यावा, यात नवल नाही.

तो अनुभव टाटाच्या पॅथॉलॉजिस्टांनी २००४ मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त मांडला. पद्धत साधी होती. बार्शीत काच तयार व्हायची, तिथल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून महत्त्वाचे वाटणारे भाग निवडून त्यांचे फोटो काढायचे आणि पेशंटच्या माहितीसह सुमारे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला पाठवायचे. मुंबईकर ते बघून मत देत. फोटोवरचं निदान पुढे काचेवरच्या निदानाशी ताडून पाहिलं जाई. बहुसंख्य प्रकरणांत दोन्ही जुळली.

या स्थिर चित्रांच्या पद्धतीतली खोच अशी, की मुंबईच्या तज्ज्ञाला तेवढंच दिसतं जेवढं बार्शीच्या डॉक्टरला दाखवावंसं वाटलं. कॅन्सरच्या पेशी काचेच्या एका कोपऱ्यात असल्या आणि कोपऱ्याचा फोटोच निघाला नाही, तर मुंबईतली कितीही तयार नजर उपयोगाची नाही. म्हणजे फोटो निवडण्यातच निम्मं निदान होऊन जातं. आज हीच पद्धत नव्या वेषात सर्वत्र चालते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावायचा, फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या गुरूंना विचारायचं, "सर, बघता का?" बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एकट्याने काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला याचा मोठा आधार वाटतो, आणि तो खराही आहे. पण ही सल्लामसलत झाली. तिच्यावर रिपोर्ट काढता येत नाही, हे विचारणारा आणि सांगणारा दोघेही जाणतात.

पूर्ण काच पडद्यावर

फोटो निवडण्याची अडचण सुटली ती स्कॅनरने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण काच टोकापासून टोकापर्यंत टिपणारी यंत्रं आली. चाळीसपट भिंगाच्या तोडीचं स्कॅनिंग करताना चित्राचा एक बिंदू साधारण पाव मायक्रॉनचा धरतात. दीड सेंटिमीटर लांब-रुंद ऊती असेल तर चित्र साठ हजार गुणिले साठ हजार बिंदूंचं, म्हणजे ३६० कोटी बिंदूंचं होतं. न दाबता ठेवलं तर ते दहा जीबीच्या वर जातं, दाबल्यावर बहुधा एक जीबीच्या आसपास किंवा कमी येतं. मोबाइलवरच्या नकाशासारखं ते पाहायचं असतं. आधी अख्खी काच, मग बोटाने मोठं करत एका पेशीपर्यंत. नेटवरून एका वेळी समोर दिसतो तेवढाच तुकडा येतो, म्हणून साध्या ब्रॉडबँडवरही काम भागतं.

या तंत्राच्या इतिहासात एक मराठी नावही आहे. अभिजित घोलप यांनी स्थापन केलेली 'बायोइमॅजिन' ही डिजिटल पॅथॉलॉजीतली कंपनी 'रोश'ने २०१० मध्ये दहा कोटी डॉलरना विकत घेतली. मराठी वाचकाला हे घोलप वेगळ्याच कारणाने आठवतील. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या 'देऊळ' चित्रपटाचे ते निर्माते.

पडद्यावर तेवढंच दिसतं का?

अनेक वर्षं सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरला. जुन्या पिढीचं म्हणणं होतं, की बारीक फोकस हलवत पेशीचं केंद्रक बघण्यात जे कळतं ते सपाट चित्रात कळणार नाही. नव्यांचं म्हणणं होतं, सवयीचा प्रश्न आहे.

याचा कस अमेरिकेत लागला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फिलिप्सच्या व्यवस्थेला पहिल्या निदानासाठी, म्हणजे काच न बघता थेट पडद्यावरून रिपोर्ट देण्यासाठी, परवानगी दिली. तिच्या मुळाशी १,९९२ प्रकरणांचा अभ्यास होता. १६ पॅथॉलॉजिस्टांनी तीच प्रकरणं एकदा पडद्यावर आणि एकदा सूक्ष्मदर्शकाखाली वाचली आणि प्रत्येक वाचनाची मूळ निदानाशी तुलना झाली. उपचार बदलतील एवढा मोठा फरक पडद्यावर ४.९ टक्के आला, सूक्ष्मदर्शकाखाली ४.६ टक्के.

हे दोन्ही आकडे नीट वाचायला हवेत. पडदा काचेच्या बरोबरीला आला, ही बातमी सगळ्यांनी दिली. ज्याला आपण निर्विवाद समजतो त्या सूक्ष्मदर्शकावरही शंभरातल्या चारपाच प्रकरणांत दुसऱ्या वाचनात महत्त्वाचा फरक पडतो, याकडे फार थोड्यांनी पाहिलं. २०१५ मध्ये 'जामा'त आलेला जोआन एल्मोर यांचा अभ्यास तर याहून बोलका आहे. त्यात ११५ पॅथॉलॉजिस्टांनी काचेवरच स्तनाच्या बायोप्सी वाचल्या. पसरणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत तज्ज्ञमंडळाशी त्यांचं मत ९६ टक्के जुळलं, पण 'अटिपिया' या कॅन्सर आणि साधा बदल यांच्या सीमेवरच्या अवस्थेत ४८ टक्केच. तेव्हा दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरवर अविश्वास, हा आपल्याकडचा समज सोडायला हवा. अवघड काच दोघांनी बघितलेली बरी आणि चित्र पाठवणं त्यासाठी फार सोयीचं आहे.

भारतातला पुरावा कोविडच्या काळातला. टाळेबंदीत टाटा स्मारकाच्या पॅथॉलॉजिस्टांनी घरून, घरच्या लॅपटॉपवर आणि घरच्या इंटरनेटवर पाचशेहून अधिक बायोप्सींचं निदान केलं आणि नंतर काचांशी ताडून पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही निदानं जवळजवळ पूर्ण जुळली. महागडे वैद्यकीय पडदे नसले तर काहीच होणार नाही, ही भीती त्याने बरीच कमी केली. 'कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स' या अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेनेही २०१३ मध्ये प्रयोगशाळांसाठी नियम घालून दिला होता, तो आजही उपयोगी आहे. निदान ६० प्रकरणं पडद्यावर आणि काचेवर वाचा, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या म्हणजे आठवणीवर निदान होणार नाही, आणि मग ठरवा.

जिथे पडदा कमी पडतो

सुईने गाठीतलं पाणी किंवा पेशी काढून काचेवर पसरतात, त्या एफएनएसीत पेशी एका पातळीत नसतात. ढिगाऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या पेशी बघायला फोकस हलवावा लागतो. स्कॅनरला त्यासाठी अनेक थर टिपावे लागतात, वेळ आणि साठवण दोन्ही कित्येक पटींनी वाढतात. विभाजन होत असलेल्या पेशी मोजणं, जठराच्या तुकड्यातले हेलिकोबॅक्टर जंतू शोधणं, अमायलॉइडची हिरवी चमक ध्रुवित प्रकाशात बघणं, अशा ठिकाणी अनुभवी माणूस आजही काच मागतो. यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद उरलेला नाही. बहुसंख्य बायोप्सी पडद्यावर वाचता येतात, काही प्रकारांत काच लागते आणि शंका आली की काच मागण्याची मुभा असली पाहिजे.

मग अडतं कुठे?

माझ्या मते चित्राचा वाद जवळजवळ मिटला आहे. अडचणी चित्राच्या आधी आहेत आणि चित्राच्या नंतर आहेत. आपल्या भागात तर दोन्हीकडे.

आधीची बाजू घ्या. छोट्या रुग्णालयात गर्भपिशवी काढली, ती जुन्या प्लॅस्टिकच्या बरणीत कोंबली, फॉर्मलिन बुडेल-न-बुडेल इतकं घातलं, किंवा सलाइनमध्येच पाठवली, असे नमुने पॅथॉलॉजिस्टांना नवे नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनची तपासणी खरी यायची तर तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. हे चुकलं तर जगातला सर्वोत्तम स्कॅनर चुकीच्याच काचेचं स्वच्छ चित्र पाठवणार. ग्रॉसिंगचंही तेच. मोठा नमुना कापून संशयाची जागा हाताला आणि डोळ्याला शोधावी लागते. कॅमेऱ्यावर दाखवत, दुरून सांगत ग्रॉसिंग करण्याचे प्रयोग झाले आहेत, पण समोर सुरी धरणारा माणूस तयार असल्याशिवाय ते जमत नाही.

एक बाजू म्हणते, म्हणूनच स्कॅनर घेण्याआधी चांगली हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि कुशल तंत्रज्ञ हवेत. पैसा तिथे लावा. दुसरी बाजू म्हणते, स्कॅनर आला की काचेचा दर्जा आपोआप सुधारतो, कारण सुरकुतलेला काप आणि फिका रंग दुसऱ्या गावातल्या डॉक्टरलाही लगेच दिसतो. दोन्हींत तथ्य आहे. क्रम मात्र पहिलीच बाजू बरोबर सांगते असं मला वाटतं.

मग अंतराचा प्रश्न. पणदरे म्हणजे किर्केनेस नव्हे. बारामतीहून पुण्याला काच पोचायला अर्धा दिवस पुरतो, खासगी प्रयोगशाळांची माणसं रोज नमुने उचलतात. वाहतुकीचा वेळ वाचवण्यासाठी लाखोंचं यंत्र हवं का, हा प्रश्न विचारणारे पॅथॉलॉजिस्ट चुकत नाहीत. त्यात एक अडचण अशीही आहे, की लिम्फोमा किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या तपासण्यांसाठी मेणाचा ब्लॉकच लागतो. चित्र पुण्याला पोचलं तरी ब्लॉकचा प्रवास चुकत नाही.

समर्थकांचं उत्तर असं, की वाचतो तो वाहतुकीपेक्षा प्रतीक्षेचा वेळ. हाडाच्या गाठी, मुलांचे कॅन्सर, किडनीच्या बायोप्सी यांचे जाणकार पुण्यातही मोजकेच. चित्र असेल तर ते त्याच दिवशी बघू शकतात, एकाच वेळी दोघे बघू शकतात. ऊसतोडीच्या हंगामात हे विशेष जाणवतं. बीड-नगरकडून माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती कारखान्यांवर आलेल्या टोळीतल्या बाईची बायोप्सी झाली आणि रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले, तर तोवर टोळी पुढच्या फडावर, नाहीतर गावी गेलेली असते.

एक आठवण इथे द्यायलाच हवी, कारण ती चित्रावरचा अतिविश्वास कमी करते. बार्शीच्याच चमूने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचण्यांची तुलना केली. निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. काचेवर पेशी बघणाऱ्या पॅप तपासणीच्या गटात तशी लक्षणीय घट दिसली नाही. ज्या कामासाठी हजारो काचा दूरवर वाचण्याची स्वप्नं पाहिली जात होती, ते काम काच न बघणाऱ्या चाचणीने अधिक चांगलं केलं. अर्थात चाचणी पॉझिटिव्ह आली की शेवटी तुकडा काढावा लागतोच आणि तो कोणीतरी बघावाच लागतो.

सही कोणाची?

चित्राच्या नंतरची अडचण कायद्याची आणि विश्वासाची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. महाराष्ट्रात त्याआधीपासून 'सही भाड्याने देण्या'ची तक्रार आहे. एकाच पॅथॉलॉजिस्टचं नाव पाचदहा गावांतल्या प्रयोगशाळांच्या पाट्यांवर, रिपोर्टवर स्कॅन केलेली सही आणि प्रत्यक्ष डॉक्टर कधीच न आलेला. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने अशा काहींवर कारवाईही केली. पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांना टेलिपॅथॉलॉजीची धास्ती वाटते ती इथे. दुरून सही करण्याला राजमान्यता मिळाली, तर या धंद्याला तंत्रज्ञानाचा मुखवटा मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

उलट बाजूने असं सांगतात, की खऱ्या डिजिटल व्यवस्थेत कोणी, कधी, किती वेळ, काचेचा कुठला भाग पाहिला याची नोंद राहते. कागदी सहीत ती राहत नाही. म्हणजे नीट राबवली तर हीच व्यवस्था भाड्याच्या सहीला आळा घालेल. 'नीट राबवली तर' या तीन शब्दांवर सगळं अडलेलं आहे.

मार्च २०२० ची केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टर-डॉक्टरांमधल्या देवाणघेवाणीला प्रोत्साहन देतात आणि त्यात पॅथॉलॉजीचं नाव घेतात. पण पडद्यावरून पहिलं निदान देताना स्कॅनर कसा तपासलेला असावा, चित्र किती वर्षं जपायचं, चुकीची जबाबदारी काच बनवणाऱ्याची की बघणाऱ्याची, यावर ती गप्प आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने पेशंटच्या संमतीचा मुद्दा आणला, तो योग्यच. चित्र कोणत्या सर्व्हरवर आहे आणि त्याचा पुढे कशासाठी वापर होणार, हे पेशंटला सांगायची सवय मात्र अजून कोणाला नाही.

पैशाचा प्रश्नही याच पोटातला. शंभर रुपयांच्या रिपोर्टमध्ये स्थानिक डॉक्टरचे किती, दूरच्या तज्ज्ञाचे किती? तालुक्यातल्या पॅथॉलॉजिस्टांना भीती आहे, की उद्या मोठ्या साखळी कंपन्या काच इथे स्कॅन करून वाचन शहरात नेतील आणि त्यांची प्रयोगशाळा फक्त नमुना गोळा करण्याचं ठिकाण उरेल. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पेशंटशी बोलणारा, सर्जनला फोन करून "गाठीच्या कडा नीट काढल्या का?" विचारणारा पॅथॉलॉजिस्ट गावात असणं ही स्वतंत्र वैद्यकीय सेवा आहे.

यंत्राची नजर

काच एकदा आकड्यांत आली की संगणक ती वाचू शकतो. २०१६ च्या 'कॅमेलिऑन' स्पर्धेत लसिकाग्रंथीत पसरलेला स्तनाचा कॅन्सर शोधायला ३२ संगणकीय पद्धती उतरल्या. त्यातली सर्वोत्तम पद्धत वेळेच्या बंधनात काम करणाऱ्या ११ पॅथॉलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. वेळेचं बंधन हा मुद्दा बातम्यांत गळाला. प्रोस्टेटच्या बायोप्सीसाठी 'पेज प्रोस्टेट'ला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तीही डॉक्टरच्या मदतनीसाची. बेंगळुरूची 'सिगटपल' रक्ताच्या काचांवर काम करते.

प्रश्न रंगाचा आहे. नेदरलँड्समध्ये शिकलेल्या पद्धतीला तिथल्या प्रयोगशाळेचा जांभळा ओळखीचा. आपल्याकडे पाण्याच्या क्षारांपासून रंगाच्या बाटलीच्या वयापर्यंत सगळं वेगळं. ज्या बारामतीत कृत्रिम बुद्धिमत्ता उसाच्या फडाला पाणी कधी द्यायचं हे सांगते, तिथे ती काच का वाचणार नाही, असं कोणी विचारेल. वाचेलही. पण उसाचा अंदाज चुकला तर एक पाळी वाया जाते, इथे चूक माणसाच्या वाट्याला येते. म्हणून इथल्याच काचांवर, इथल्याच डॉक्टरांच्या निदानाशी ताडून पाहिल्याशिवाय ती कामाला लावू नये, यावर या क्षेत्रातल्या जबाबदार लोकांचं एकमत आहे.

बारामती-इंदापूरसाठी

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की विकृतिशास्त्र विभाग आला, त्यामुळे या पट्ट्यात काच बनवणारी सार्वजनिक जागा आता तालुक्यातच आहे. उपजिल्हा रुग्णालयं आणि इंदापूर-भिगवणसारख्या ठिकाणच्या शस्त्रक्रियांचे नमुने योग्य फॉर्मलिनमध्ये, नाव-वेळ लिहून तिथे पोचवणं आणि तिथे ग्रॉसिंग होणं, ही पहिली पायरी. अवघड काचांचं स्कॅनिंग करून पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांकडून दुसरं मत घेणं, ही दुसरी. सगळं निदान पडद्यावर नेणं तिसरी, आणि तिला घाई नाही. नेदरलँड्समधल्या हेंगेलोच्या 'लॅबपॉन' प्रयोगशाळेने २०१५ मध्ये सगळं काम पडद्यावर नेलं, पण त्यांच्याकडे पहिल्या पायऱ्या आधीच पक्क्या होत्या.

वाचकांपैकी कोणाच्या घरी बायोप्सी होणार असेल, तर तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला का हे सर्जनला विचारा. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. रिपोर्टवरचा ब्लॉक क्रमांक जपून ठेवा. पुढे दुसरं मत चित्रावरून घ्या की काचेवरून, त्या क्रमांकाशिवाय कोणालाच तुमचा तुकडा सापडणार नाही.